मुरलीधरचा उतरता आवाज

आज पहाटे मुरलीधर गेला. हृदय बंद पडलं.

फुप्फुसं शेवटपर्यंत ठणठणीत होती, हे मुद्दाम सांगतो. त्यांच्यावर थोडी मेहनत माझीही होती.

नव्या मित्रांसाठी सांगतो. नव्वदच्या दशकात मी नाशिकला हौशी नटांना आवाज आणि श्वास शिकवायचो. रविवारी सकाळी, पंचवटीतल्या एका शाळेच्या वर्गात.

मला कुणी शिकवलं नव्हतं. छापखान्यातल्या नोकरीत मशीनच्या आवाजावर ओरडून ओरडून घसा बसला, मग त्याच घशावर प्रयोग करत आणि लग्नातल्या सनईवाल्यांच्या बरगड्या न्याहाळत शिकलो.

"तव्यावर भाकरी फुगते तशा खालच्या बरगड्या फुगू द्या. खांदे उचलू नका."

एवढाच आमचा सिलॅबस.

मुरलीधर सटाण्याचा. बाजार समितीत कांद्याचा लिलाव पुकारायचा. नाटकाचं वेड एवढं, की रविवारी पहिली एसटी धरून नाशिकला हजर.

आवाज पहाडी. पण एक खोट होती. त्याचं प्रत्येक वाक्य शेवटाला वर चढायचं. आयुष्य भाव चढवण्यात गेलेलं. साधं "पाणी आण" म्हणाला तरी वाटायचं, आता कुणीतरी पुढची बोली लावणार!

त्या वर्षी स्पर्धेच्या नाटकात त्याला पहिल्यांदाच मोठी भूमिका मिळाली. बापाची. मुलगा अपघातात गेलाय, आई त्याचं ताट वाढून बसलीय, आणि बापाला सांगायचंय, "तो आता येणार नाही. ताट झाकून ठेव."

मुरलीधर हे अशा काही थाटात म्हणायचा की मागची पोरं खुदकन हसायची.

आमचा दिग्दर्शक सुधीर वैतागला. "अरे बाबा, बायकोला सांगतोयस की व्यापाऱ्याला? पुढच्या रविवारी जमलं नाही तर तू पोस्टमन कर. त्याला एकच डायलॉग आहे, तोही दारातून ओरडायचा."

सगळ्यांबरोबर मुरलीधरही हसला.

मग मला व्हरांड्यात गाठून म्हणाला, "मास्तर, सटाण्यात लोक मला भोंगा म्हनतात. एकदा तरी माणसासारखं बोलून दाखवायचंय हो."

मी त्याला सतरंजीवर आडवा केला. पोटावर गव्हाची पिशवी ठेवली.

"पिशवी खाली जाताना वाक्य सोड. श्वासाबरोबर आवाजही उतरेल."

त्यानं डोळे मिटले. श्वास इतका छान लागला की गडी घोरायलाच लागला.

जागा झाल्यावर म्हटलं, "बरं, असं कर. लिलाव उलटा पुकार. वरच्या भावापासून खाली ये."

तो ताडकन उठून बसला.

"नाय मास्तर. दुसरं काहीबी सांगा. भाव आपल्या तोंडानं उतरवायचा नाय."

"अरे, इथं कुठं कांदा आहे?"

"कांदा नसंल. जीभ तर तीच हाये ना?"

त्याच्या घरीही कांद्याचीच शेती. मी हात टेकले.

पण चैन पडेना. त्या आठवड्यात छापखान्यात रजा टाकली आणि सटाण्याला गेलो. म्हटलं, पेशंटला त्याच्या घरी बघावं.

ट्रॉल्यांची रांग लागलेली. मुरलीधर पुढे, व्यापारी मागे. खांदे कानाला टेकलेले, मानेच्या शिरा दोरखंडासारख्या. मनात म्हटलं, पालथ्या घड्यावर पाणी.

एका ट्रॉलीची बोली संपली. भाव पडलेलाच होता. ट्रॉलीशेजारचा म्हातारा शेतकरी खाली बघत उभा.

मुरलीधर त्याच्याजवळ गेला. खांदे आपोआप खाली आले. आणि हळूच म्हणाला,

"देवाना का, बाबा?"

द्यायचा का, एवढंच. शेतकरी हो म्हणाल्याशिवाय सौदा पक्का होत नाही. त्यामुळे प्रत्येक ट्रॉलीपाशी हे विचारावंच लागतं.

प्रश्न असूनही आवाज चढला नाही. उतारावरून पाणी जावं तसा गेला. श्वास थेट पोटातून.

मी गर्दीतून घुसत त्याला गाठलं. "मुरली, हेच! हाच आवाज!"

"कोनता? ते तर नुसतं इचारलं मी."

"मग बायकोलाही नुसतं सांग. तिचाही भाव पडलाय असं समज."

त्यानं चहावाल्याला हात केला. मग म्हणाला, "चहा घ्या मास्तर. पुढची ट्रॉली उभी हाये."

रविवारी रिहर्सलला त्यानं ते वाक्य म्हटलं.

कुणीच हसलं नाही. पोरं आपापल्या चपलांकडे बघत बसली.

सुधीर म्हणाला, "पोस्टमन दुसरा शोधा रे."

स्पर्धेच्या दिवशी मी मुद्दाम शेवटच्या रांगेत बसलो. मुरलीधर बायकोशेजारी बसला आणि एवढ्या हळू बोलला की मला धसका बसला, आता कुणालाच ऐकू जाणार नाही.

सगळ्यांना गेलं. शब्द न् शब्द.

बक्षीस काही मिळालं नाही. परीक्षकांचा हिशोब परीक्षकांना ठाऊक.

पडदा पडल्यावर आत गेलो, तर तोंडाचा रंग न पुसताच तो माझी वाट बघत उभा.

"मास्तर, मागं ऐकू आलं?"

"आलं."

"ओरडलो तर नाय ना?"

"नाही रे बाळा. बोललास."

त्यानं मान डोलावली आणि खुर्चीत बसून रंग पुसायला घेतला. त्यानंतर त्यानं बरीच नाटकं केली, पण हे पुन्हा कधी विचारलं नाही.

दुपारच्या गाडीनं सटाण्याला निघतोय.

मुरली, वयानं मी मोठा, तरी आज हात मीच जोडतो. सावकाश जा.