बेचाळीस भागिले सात बरोबर सक

"साक? इन्नू शुरु माडिल्ल!" साहेब म्हणाले. म्हणजे अजून मी सुरुवातच केली नाही, आणि ही पोरगी पुरे म्हणते!

त्यांनी विचारलं होतं, बेचाळीस भागिले सात किती. माझ्या तिसरीच्या वर्गातल्या श्रावणीनं छाती पुढं काढून उत्तर दिलं, "सक!" आमची मराठी शाळा तपासायला आलेले साहेब पक्के कानडी. आमच्या कर्नाटकातल्या निपाणीकडं पंगतीत वाढणाऱ्याला 'साक' म्हटलं की झालं, बास, पुरे. साहेबांच्या कानांनी तेवढंच ऐकलं.

मागच्या बाकावर श्रावणीचे वडील आप्पासाहेब अवघडून बसले होते. ते एसडीएमसीचे, म्हणजे शाळेच्या पालक कमिटीचे मेंबर. सकाळीच मला म्हणाले होते, "बाई, हिला भागाकार ईना झालाय. निपाणीला इंग्लिश मीडियममधी घालतो. टीसी तयार ठेवा." टीसी म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला. मी म्हटलं, "अण्णा, आज साहेब यायचेत. ते काय विचारतात, ही काय सांगते, ते बसून ऐका आणि मग ठरवा." श्रावणी दाराआडून सगळं ऐकत होती. "बाई, मला त्या शाळेच्या व्हॅनमधी वकारी येतीय वो," म्हणाली आणि डोळे भरून आले. वर्गातला सगळ्यात तोंडाळ नग, पण माझा भारी लाडका.

आता माझी पद्धत सांगते. पोरांना पाढे गाण्यासारखे पाठ असतात. सात सक बेचाळीस झोपेतही म्हणतील. पण बेचाळीस भागिले सात विचारा, सगळी छताकडं बघायला लागतात. म्हणून मी भागाकार विचारतच नाही, पत्ता विचारते. "साताच्या गल्लीत बेचाळीस कुठल्या घरात राहतंय रं?" मग पोरं गल्लीच्या तोंडापासून निघतात. सात एके सात, सात दुणे चौदा, असं करत बेचाळीसच्या दारात जाऊन थांबतात. त्या घराचा नंबर हेच उत्तर. भागाकार म्हणजे शेवटाकडून विचारलेला गुणाकार, दुसरं काय!

श्रावणी बरोबर दारात जाऊन थांबली होती. साहेबांना ते कळायला मार्ग नव्हता. त्यांनी दुसरं गणित टाकलं, "छत्तीस भागिले नऊ?"

तिचे ओठ भराभर हलले. "चोक!"

"चोक्क?" साहेब आता हसायलाच लागले. कानडीत चोक्क म्हणजे नीटनेटकं, झकास. "आधी पुरे म्हणतीस, मग झकास म्हणतीस. उत्तर कधी देणार गं पुट्टी?"

पोरं खिदळली. आप्पासाहेब उठून उभे राहिले. "बघा बाई. म्हटलं न्हवतं मी?"

मला हसू आवरेना. सांगून टाकावं असं वाटलं, पण मी सांगितलं असतं तर बाईंनी सावरून घेतलं असं झालं असतं. म्हणून तिलाच विचारलं, "श्रावणी, सक म्हणजे किती गं?"

"सक म्हंजे सक."

"अगं पण किती?"

"बेचाळीसचं घर की वो!"

धन्य! मी मागं वळले. "अण्णा, तुम्ही सांगा. सक म्हणजे किती?"

"आँ? सक म्हंजे..." आप्पासाहेबांनी टोपी काढली, परत घातली. "ते पाढ्यातलं सक की वो बाई!" आणि गुमान खाली बसले.

"श्रावणी, गल्लीच्या तोंडापासून चल," मी म्हटलं. "दर दाराला एक बोट उघड."

"एके, दुणे, त्रिक, चोक, पाचे..." एका हाताची बोटं संपली. तिनं दुसऱ्या हाताचा अंगठा वर केला. "सक." अंगठ्याकडं बघत राहिली. मग माझ्यावर असली उखडली म्हणता! "सक म्हंजे सहा व्हय? मग आदीच का न्हाई सांगितलं तुमी?"

साहेबांना आता सगळा घोटाळा कळला. "आमच्या कानडी पाढ्यात सहा म्हणजे आरु, आणि आरु म्हणजे आरुच असतं, बाई," त्यांनी मला चिमटा काढला. मग त्यांना गणितांचा चेवच चढला. चोपन्न भागिले नऊ? "सक... म्हंजे सहा!" अठ्ठावीस भागिले सात? "चोक, म्हंजे चार!" साहेब थांबेनात, ती हटेना. एकेक उत्तर आलं की आप्पासाहेब बाकावर थोडे पुढं सरकत होते. मला तर तिला तिथंच उचलून घ्यावंसं वाटत होतं.

"बहात्तर भागिले..." साहेबांनी पुन्हा सुरू केलं.

श्रावणीनं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा बापाकडं. डोळ्यांत खोडी चमकली. दोन्ही हात जोडून म्हणाली, "साक री, सर!"

या वेळी मात्र ते खरंच कानडी होतं, म्हणजे पुरे करा हो! साहेब इतके हसले की मला त्यांची खुर्ची मागून धरावी लागली.

"सायबास्नी असं बोलत्यात व्हय गं?" आप्पासाहेब ओरडले, पण त्यांच्या मिशा हसत होत्या. जाताना ते दारात घुटमळले.

"अण्णा, टीसीचं कसं करू?" मी साळसूदपणे विचारलं.

त्यांनी पंगतीत पानावर आडवा धरतात तसा हात धरला. "साक री, बाई."

परत कुणी व्हॅनचं नाव काढू नये म्हणून श्रावणी धूम पळाली. मी मात्र आता कुठलीही गल्ली दाखवायच्या आधी पोरांकडून दारावर आकड्यांत नंबर लिहून घेते. साहेब कानडी येणार असतील, तर दोनदा.