सरांनी प्रकाशाचा वेग मोजला तेव्हा

बाळांनो, मोजल्याशिवाय कशावरही विश्वास न ठेवणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला: संगमनेरला आमच्या शेजारी राहणारे, मी शिकवत होते त्याच शाळेतून निवृत्त झालेले विज्ञानाचे सर. दूधवाल्याचे माप ते प्रयोगशाळेतल्या काचेच्या नळीने तपासत, आणि थोडे जास्त निघाले तर तेवढे परत करत. तापाने फणफणले तरी थर्मामीटर लावल्याखेरीज अंथरूण धरत नसत.

नव्वद सालानंतर त्यांचा मुलगा अमेरिकेत गेला. एसटीडी बूथवरून फोन लावला की बापलेक एकदमच बोलत आणि एकदमच थांबत. सगळे वैतागत, सर मात्र खूश! आपला आवाज प्रकाशाच्याच वेगाने उपग्रहापर्यंत जातो, तिथून खाली तिकडे उतरतो, उत्तरही त्याच वाटेने येते. या जाण्यायेण्यात अर्धा सेकंद जातो. ते मला म्हणाले, "बाई, प्रकाशाचा वेग आपल्या संगमनेरच्या बूथमध्ये मोजता येईल!"

आधी त्यांनी मला ओट्यावर समोर बसवून आपल्या 'हो'ला दहा वेळा 'हो' म्हणायला लावले. बटणाच्या घड्याळावर त्यांनी मोजलेला वेळ मी वहीत टिपला. मग रविवारी सकाळी बूथवरून मुलाबरोबर तेच.

"सर, आन्खी किती येळा हो म्हनायचं? लोकं खोळंबल्यात," बूथवाला कळवळला.

सरांनी त्यातून ओट्यावरचा वेळ वजा केला, उरलेल्या वेळेने उपग्रहाच्या वाटेच्या अंतराला भागले. उत्तर पुस्तकातल्या आकड्याच्या अगदी जवळ! त्यांनी बूथवाल्याचा हात धरून गदागदा हलवला.

सरांच्या पत्नी, आमच्या काकू, तेव्हा अंथरुणाला खिळल्या होत्या. मुलाला एकदा डोळ्यांनी पाहायचे, एवढेच त्यांचे मागणे होते. त्याच आनंदात सरांनी पुन्हा घड्याळाचे बटण दाबले आणि फोनमध्ये विचारले, "आईचं दुखणं वाढलंय रे. दिवाळीला येशील ना?"

इतकी शांतता पसरली की मला वाटले, लाइनच तुटली.

"बघतो, बाबा."

सरांनी घड्याळ थांबवले. मी सवयीने पेन उघडले.

"सहा सेकंद," ते म्हणाले. मग माझ्या वहीवर हात ठेवला. "नको, बाई. हे लिहू नका."

घरी काकू दाराकडे डोळे लावून पडल्या होत्या. "विचारलंत का? लगेच हो म्हणाला ना?"

सर उशाशी बसले. "अगं, लगेच कसा म्हणेल? एवढ्या लांबून यायला प्रकाशालाही वेळ लागतो."

काकूंना ते पटले. सर शास्त्रातले काही सांगू लागले की त्यांना ते नेहमीच पटत असे.