पयले हात मांगं!

घरात पाऊल टाकायच्या आधी ते दोन्ही हात पाठीमागे बांधायचे. पिशवी खांद्याला, चष्मा कपाळावर आणि हात मागे. तसेच विजेच्या बोर्डासमोर जाऊन उभे राहायचे, नाक पुढे करून वास घ्यायचे. आपण उत्साहानं जवळ सरकलो की खेकसायचे, "पयले हात मांगं! मंग डोये पुढं!"

हे आमच्या मोहल्ल्याचे लाइटवाले काका. तुमच्याही गल्लीत असा एखादा असेलच, ज्याला बोलावणं पाठवताना आपलीच छाती धडधडते. नाव लिहीत नाही. बालाघाटात आमच्या भागात ते कोणी घेतही नसे.

नम्रता वगैरे भानगड त्यांच्याकडे नव्हती. तरुणपणी मलाजखंडला तांब्याच्या खाणीवर एका ठेकेदाराकडे वायरमन होते, ते आम्हाला मरेपर्यंत ऐकवलं. "डोंगर खोदनाऱ्या मशिनी माह्या लाइनीवर चालल्या, बाई. तुमचा मिक्सर कोन्या झाडाचा पाला?" मोबाइलवर बघून कोणी बटण दुरुस्त केलं असं कळलं, की त्या घरी ते दोन-दोन महिने जात नसत. चूक मात्र कधी त्यांची नसायची. ट्रान्सफॉर्मरची असायची, वायर बनवणाऱ्याची असायची, नाहीतर आमची.

त्यांचे दोन नियम होते. पहिला, काम सुरू करायच्या आधी मीटरजवळचा फ्यूज उपटून स्वतःच्या खिशात टाकायचा. "आता घराची लाइट माह्या खिशात. कोनाचा बापबी चालू नाही करू शकत." एकदा तो फ्यूज तसाच खिशात घेऊन हे महाराज लामत्याला लग्नाला गेले! भर उन्हाळ्यात दिवसभर आम्ही वर्तमानपत्रानं वारा घेत बसलो. संध्याकाळी केसांत अक्षता घेऊन उगवले, आणि वर आम्हालाच विचारतात, "फोन काहून नाही केला?" फोन त्यांचा आमच्याच फळीवर राहिला होता.

दुसरा नियम म्हणजे जळालेली वस्तू घरमालकाच्या तळहातावर ठेवायची. "पाहून घ्या. नाहीतर म्हनसान, बुढ्ढ्यानं चांगली चीज काहाडून नेली." हा नियम त्यांनी कधी मोडला नाही. एकदाच मोडला, आणि तो आमच्या घरी.

त्याचं असं झालं. एका तापानंतर आईच्या नाकाचा वास गेला तो गेलाच. एके दिवशी गॅस तसाच चालू राहिला आणि ही शेजारी बसून तांदूळ निवडत होती. शेजारणीला वास आला म्हणून निभावलं. माझा भाऊ, दादा, नागपूरहून धावत आला आणि त्यानं गॅसच काढून टाकला. विजेची शेगडी आणली. काकांनी तिच्यासाठी भिंतीवर वेगळा मोठा स्विच बसवला, वर लाल दिवा असलेला. जाताना दादानं बजावलं, "पुन्हा काही झालं तर स्वयंपाक बंद. डबा लावू, नाहीतर आई नागपूरला येईल."

आई चार दिवस शेगडीशी बोलली नाही. मग तिच्यावर भात असा मोकळा करायला लागली की विचारू नका. मला एकदा म्हणाली, "चूल हातची गेली का बाई आपल्याच घरात पाहुनी होते वो." मी शाळेत शिकवते, दिवसभर बाहेर असते. ती शेगडी म्हणजेच तिचा दिवस होता.

आणि नेमका दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, दादा घरात असताना, तो स्विच जळाला. आम्ही दोघं बाजारातून आलो तर स्वयंपाकघरात प्लॅस्टिक जळल्याचा उग्र वास, भिंतीवर काळा डाग, आणि आई आपली शांतपणे मटार सोलत बसलेली. शेगडी बंद का पडली ते विचारायला माझी वाट पाहत होती.

"बस," दादा म्हणाला. "आता बस झालं, आई."

आईनं मटारचं ताट बाजूला सरकवलं. मला दादाचा इतका राग आला! तो चुकीचं बोलत नव्हता, म्हणून जास्तच आला.

काका आले. हात मागे, नाक पुढे. फ्यूज खिशात गेला, टेस्टर लावून पाहिला, मग स्विच उघडला. मी मोबाइलचा उजेड धरला होता. आत एका वायरीचं टोक कोळसा झालं होतं, प्लॅस्टिक वितळलं होतं, आणि फटीफटीत लाल लगदा वाळून बसला होता.

कुंकू.

आमच्याकडे रोज सकाळी चुलीला हळद-कुंकू लावतात. शेगडी तापली की कुंकू जळतं, म्हणून आईनं आपल्या डोक्यानं हिशेब केला, विस्तव जिथून येतो तिथं लावायचं. विस्तव येतो स्विचमधून. कोरडं कुंकू प्लॅस्टिकला धरत नाही, म्हणून बोट पाण्यात बुडवून. दसऱ्याला तर मळवटच भरला असणार.

"काय झालं, काका?" दादा दारातून म्हणाला. "आईनं काही केलं का?"

काकांनी स्विचकडे पाहिलं. मग आईकडे पाहिलं. ती भिंतीला टेकून उभी होती, दोन्ही हात पाठीमागे बांधून. मी नियमाप्रमाणे तळहात पुढे केला. स्विच माझ्या हातावर आला नाही. तो फ्यूजच्या सोबतीला खिशात गेला.

"पेच ढिला राह्यलता, सायब," काका म्हणाले. "पेच मी कसलता. गाली द्याची असन तं मले द्या. बुढीले काहून बोलता?"

या माणसानं चूक कबूल केलेली उभ्या मोहल्ल्यानं ऐकली नव्हती!

मग त्यांनी जळकी तार चकचकीत तांबं दिसेपर्यंत कापली, नवा स्विच बसवला, पेच कसले, एकेक वायर ओढून पाहिली. फ्यूज लावला. लाल दिवा लागला. "सायब, च्या कराले दूध नसन घरात, आना बरं जरा," म्हणून दादाला पिटाळलं. दूध होतं. दादा गेल्यावर काकांनी आईच्या करंड्यातलं कुंकू घेऊन स्विचपासून हातभर दूर, फरशीवर एक ठिपका लावला.

"माय, लक्ष्मी इथं बसते. रोज इथं लावाचं. स्विचले पानी लावलं तं तुह्या घरी पाय नाही ठेवनार."

"हौ," आई म्हणाली. तिला सगळं कळलं होतं. पदर डोळ्यांना लावला आणि चहा ठेवला.

फाटकाशी मी त्यांना अडवलं. "काका, खरं सांगा, पेच ढिला होता?"

"होता ना. पानीबी गेलतं. दोनी खरं." खिसा थोपटून म्हणाले, "अर्धं बोललो, अर्धं खिशात ठेवलं."

त्यानंतर दर आठवड्याला काहीतरी निमित्त काढून यायचे. उलटा हात स्विचवर ठेवून गरम झाला का पाहायचे, चहात साखर कमी आहे म्हणून आईशी भांडायचे आणि जायचे. ती दोघं भांडायला लागली की मला घर भरल्यासारखं वाटायचं.

गेल्या उन्हाळ्यात हट्टा गावी मुलीकडे गेले असताना काका वारले. त्यांना इकडे आणलं. ज्या घरी माणूस जातो तिथं चूल पेटत नाही, शेजारचे जेवण पोचवतात. त्या दिवशी आईनं कोणाला पुढे येऊ दिलं नाही. वरण-भात, भाकरी, सगळं तिनं एकटीनं त्या शेगडीवर केलं, आणि करताना मोठ्यानं रडत होती.

परवा पंखा लावायला नवीन माणूस आला. चांगला आहे, गोड बोलतो. स्वयंपाकघरात शिरला, फरशीवरचा लाल ठिपका पाहून म्हणाला, "अम्मा, ये दाग साफ कर दूँ?" आणि फडकं घेऊन हात पुढे केला.

"पयले हात मांगं!" आई ओरडली.

तो दचकला आणि त्यानं खरंच हात मागे बांधले. आईनं उलटा हात स्विचवर ठेवून पाहिला. मग चहा ठेवला, आणि साखर दोन चमचे जास्तीच टाकली.