धाकटे मालक आणि मागची गादी

आमच्या हौशी नाट्यमंडळात सामानाची जबाबदारी माझ्याकडे आहे. महाविद्यालयाच्या स्टोअरमध्ये नोकरी, त्यामुळे कुठली वस्तू कुठे ठेवली, कोणी नेली, परत आली का, ही सवय अंगातच आहे. नाटकातल्या प्रत्येक पात्राची मी वेगळी यादी करते. दरोडेखोर, सावकार, गुंड अशा खलनायकांच्या याद्या आजवर खूप केल्या. सुरा, काठी, पिस्तूल, दारूची बाटली. या नव्या नाटकातल्या खलनायकाची, धाकट्या मालकांची, यादी मात्र अशी होती: भोवरा, गोट्या, लिमलेटच्या गोळ्या, आगपेटीतलं सोनपाखरू, डोळ्यांवर बांधायला रुमाल.

नाटक आमच्या सरांनीच लिहिलं होतं. सर म्हणजे निवृत्त शिक्षक आणि मंडळाचे दिग्दर्शक. गोष्ट सरळ होती. धाकटे मालक म्हणजे कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या मालकाचा धाकटा मुलगा, वय पस्तिशीचं, मन सहा वर्षांचं. वेडा नाही. हिशेब येतो, कपडे नीट घालतो, सगळ्यांशी गोड बोलतो. फक्त एखाद्या गोष्टीचं काय होतं ते पाहावंसं वाटलं, की ती करतो. कापसाच्या गंजीला काडी लावतो आणि जाळ निळा कसा होतो ते पाहत टाळ्या पिटतो. शेवटी घरात काम करणाऱ्या मुलीशी आंधळी कोशिंबीर खेळताना तिला विहिरीकडे नेतो. ती पडते. हा काठावर बसून "कुक!" म्हणतो, उत्तर येत नाही तेव्हा रडू लागतो.

ही भूमिका करणारा आमचा नट महसूल खात्यात कारकून. स्वभावानं इतका गरीब, की आमच्या राजापेठ चौकातल्या गर्दीत कोणाचं चाक त्याच्या पायावरून गेलं तरी हाच "सॉरी" म्हणेल. पहिल्या तालमीत त्यानं मिशीला पीळ दिला आणि पोटातून हसला.

सर म्हणाले, "काय करून राहिला तू?"

"व्हिलन, सर."

"लेकरू खाऊ मागताना मिशा पिळते काय बाप्पा? हसू नको. डोळे वटारू नको. याले रागच येत नाही. राग येणाऱ्या माणसाले समजावता येते. याले तू कसं समजावशील?"

नटाला ते उमगेना. उमगलं ते माझ्या बहिणीमुळे. माझी धाकटी बहीण त्या कामवाल्या मुलीची भूमिका करत होती. चहाच्या वेळी ती तिच्या तीन वर्षांच्या लेकाची गोष्ट सांगत होती. बाजारातून रंगवलेलं कोंबडीचं पिल्लू आणून दिलं, तर त्यानं ते बादलीत बुडवून धरलं. वर काढलं तेव्हा मान पडलेली. "मले म्हणते, आई, हे पोहत कावून नाही?"

नट कप खाली ठेवून ऐकत होता. "मंग तो रडला?"

"रडला ना! दुसरं आणून दे म्हणून रडला."

त्या दिवसापासून धाकटे मालक आमच्यात राहायला आले. नाटकाच्या शेवटी तो विहिरीच्या काठावर बसून "दुसरी आणा" म्हणत हुंदके देऊ लागला, तेव्हा आम्ही तालमी करायचो त्या शाळेच्या हॉलमध्ये मला माझीच पिशवी छातीशी धरावीशी वाटली.

सोनपाखराची युक्ती माझी. आगपेटीत रबराला पीळ देऊन बटण अडकवलं, की पेटी उघडताना आत फरफर आवाज होतो. तो पेटी कानाशी धरायचा, बाभळीचा पाला आत सारायचा, झाकण लावायचा आणि बहिणीला हळूच विचारायचा, "आतली हवा किती वेळ पुरते, पाह्यचं?" तिला नाटकात हसायचं होतं. एकदा ती हसायचं विसरली.

सरांनी दोन नियम केले होते. पहिला: खेळ चालू असताना कोणी थांबवायचं नाही. दुसरा: नटानं विहिरीच्या मागे कधीही डोकावायचं नाही. विहीर म्हणजे एक उंच लाकडी लेव्हल, म्हणजे रंगमंचावरचा चौथरा, आणि पुढून चढायला पायऱ्या. मागच्या कडेवरून बहीण खाली उडी घ्यायची, तिथे मी गाद्या टाकलेल्या. "ती कुठं जाते हे त्याले माहीतच नसलं पाह्यजे," सर म्हणायचे. "माहीत झालं, की चेहरा काळजी करते. आपल्याले तो चेहरा नोको." नट आज्ञाधारक. महिनोन्‌महिने तालमी झाल्या, पण गादी कुठे आणि केवढी आहे ते त्यानं कधी पाहिलं नाही.

बहिणीच्या डोळ्यांवर बांधायला मी पातळ मलमलचा रुमाल दिला होता. लांबून घट्ट दिसे, पण आतून तिला लेव्हलवरची पांढरी पट्टी दिसायची. हात धरून नेत होता तो, पण वाट ती दाखवत होती. हे त्याला कळलं नव्हतं. एवढंच कळलं होतं, की तिला दिसतं.

"ताई, तिले दिसते ना. खेळात चीटिंग आहे ही," तो मला एकदा म्हणाला.

"नाटकात असतेच," मी म्हटलं आणि भोवऱ्याची दोरी गुंडाळून ठेवली.

स्पर्धेचा प्रयोग अकोल्याला होता. तिथला रंगमंच आमच्या हॉलपेक्षा मोठा आणि भाड्यानं मिळालेली लेव्हल चांगली खांद्याइतकी उंच. मागे जागा मात्र अपुरी. निम्म्या भागात माझ्या गाद्या बसल्या. उरलेल्या भागात आमच्या आधीच्या मंडळाचे लाइटचे लोखंडी स्टँड आणि पाइप रचून ठेवले होते. ते हलवायला माणूस मिळेना. सर म्हणाले, "ती तर गादीकडूनच पडते. राहू द्या." मी पांढरी पट्टी गादीच्या बाजूला नव्यानं चिकटवली. बहिणीला वर नेऊन दाखवली. तिनं वाकून खाली पाहिलं.

"लय उंच आहे वं ताई."

"गादी दोन थरांची आहे. पट्टी दिसली की बस. दिसली नाही तर जाऊ नको."

"हाव. माया लेकराले मुरमुऱ्याचे लाडू कबूल केले आहेत. मले धड घरी जाऊ द्या," ती हसत म्हणाली आणि केस बांधायला गेली.

पहिला अंक छान झाला. मी डावीकडच्या विंगेत, गाद्यांच्या बाजूला. सामान देणं-घेणं माझं आणि एक आवाजही माझा. धाकट्या मालकांची आई रंगमंचावर येत नाही; पहिल्या अंकात ती आतून फक्त हाक मारते, "बाळा, जेवाले चाल!" ती हाक आली की तो हातातलं सगळं टाकून पळतो. काडी ओढलेली असली तरी विझवून पळतो. सरांनी सांगितलं होतं, "प्रेमापायी नाही. आईनं बोलावलं की खेळ संपते, एवढंच त्याले माहीत आहे."

शेवटचा प्रवेश सुरू झाला. बहीण पाठमोरी उभी राहिली. नटानं खिशात हात घातला आणि रुमाल काढला. तो माझा नव्हता. काळा, जाड, शालीचा तुकडा असावा तसा. माझा मलमलचा रुमाल टेबलावर घडी करून तसाच पडलेला.

त्यानं गाठ मारली. बहिणीचे हात एकदा वर गेले, चाचपले आणि खाली आले. प्रेक्षकांसमोर ती काय बोलणार? त्यानं तिला गरगर फिरवलं. प्रेक्षक हसले. हसू ऐकून त्यानं आणखी फिरवलं. मग तिचं बोट धरून पायऱ्या चढवू लागला. वर पोचल्यावर तो उजवीकडे वळला. स्टँडच्या बाजूला.

पडदा ओढणारा माणूस पलीकडच्या विंगेत होता. सर त्याच्याच शेजारी, डोळे मिटून, मान डोलावत. मी हातवारे केले, कोणी पाहिलं नाही. मी तिच्या नावानं ओरडले तर ती दचकून पाऊल टाकेल, ही भीती. धावत आत गेले असते तरी पायऱ्या चढेपर्यंत उशीर झाला असता. आणि तो तर गोड आवाजात म्हणत होता, "ये ना. थोडंच राहिलं. मी हाओ ना." तिचं पाऊल पुढे सरकत होतं. चपलेचं टोक कडेबाहेर आलेलं मला दिसलं.

मी आईच्या आवाजात हाक मारली.

"बाळा! सोड तिचा हात. जेवाले चाल!"

तिचं बोट त्याच्या हातून सुटलं. अगदी तस्संच, पहिल्या अंकात हातातलं सगळं सुटायचं तसं. खालचा ओठ पुढे आला, खांदे पडले.

"पण खेळ चालू आहे ना माय," तो रडवेल्या आवाजात म्हणाला. हे वाक्य नाटकात नव्हतं.

"खेळ संपला. आणि पोरी, तू तिथीच उभी राह्य. पाय मांगं घे. दुसरा पण. आता डोळ्यांवरचं काढ."

तिनं पाय मागे घेतला. दुसरा घेतला. काळं फडकं ओढून काढलं आणि खाली पाहिलं. किती वेळ पाहत होती, माहीत नाही. मग ती पायऱ्या उतरली, रंगमंच ओलांडून माझ्या विंगेत आली आणि सामानाच्या पेटीवर बसली. नट काही क्षण वर एकटाच उभा होता. त्यानं आगपेटी कानाशी धरली, हलवली आणि आतल्या दाराकडे निघून गेला. पडदा पडला. टाळ्या पडल्या, पण नाटक भलतंच झालं होतं. मुलगी वाचली होती.

सर आले ते लाल होऊन. "कोणी सांगितलं होतं तुमाले? खेळ थांबवायचा नाही म्हणून नियम आहे ना!"

तेवढ्यात त्यांच्या मागून नट आला. हातात लिमलेटची गोळी, बहिणीसमोर धरलेली.

"ताई, तुमी आवाज कावून दिला?" तो मला म्हणाला. खरंच विचारत होता. "काय मस्त चाललं होतं. आज तिले काहीच दिसत नव्हतं."

मी मोबाइलचा टॉर्च लावला आणि त्याला बाहीला धरून लेव्हलमागे नेलं. सर "अरे, त्याले नोको दाखवा" म्हणत मागून आले. आधी गाद्या दाखवल्या. मग स्टँड. एका पाइपाचं तोंड वरच्या बाजूला होतं.

तो वाकला. मान तिरकी करून पाहू लागला. सोनपाखराकडे पाहायचा तसाच. "इथी पडली असती तर काय झालं असतं?" त्यानं विचारलं आणि त्याच्या आवाजात नुसती उत्सुकता होती. मला त्या क्षणी त्याची जी भीती वाटली, ती कुठल्याही सुऱ्यावाल्या खलनायकाची वाटली नव्हती. ह्या माणसाच्या मनात वाईट काही नव्हतंच. शोधायला गेले असते तरी सापडलं नसतं.

मग त्यानं पाइपाच्या तोंडावर तळवा ठेवून पाहिला. तो झटकन मागे ओढला. गोळी खाली पडली. कारकून परत आला होता.

"बाप्पा," तो म्हणाला आणि तिथेच खाली बसला. "मले वाटलं सगळीकडंच गादी असन."

रात्रीचा मुक्काम अकोल्यालाच एका मंगल कार्यालयात होता. सकाळी परतताना मूर्तिजापूरला गाडी चहाला थांबली तेव्हा बहीण माझ्याशेजारी येऊन बसली. लेकासाठी मुरमुऱ्याच्या लाडवांचा पुडा तिनं घेतला होता.

"सांगू का ताई? मी जाऊन राहिली होती. पट्टी दिसत नव्हती, तू सांगितलं होतं तेही आठवत होतं. पण त्याचा हात इतका मऊ होता. वाटलं, हा कायले पाडते?"

पुढचा प्रयोग मोर्शीला ठरलेला होता. मी सरांना सांगितलं, बहीण उभी राहणार असेल तर नटानं गादी पाहायची. सर म्हणाले, "मंग त्याच्यातलं लेकरू मरते ना." मी म्हटलं, "मरू द्या. दुसरं आणू." त्यांच्याच नाटकातलं वाक्य होतं, जवळजवळ. बहिणीनं मात्र वेगळंच मागितलं: गादी त्यानं नुसती पाहायची नाही, स्वतः घालायची आणि आधी स्वतः त्यावर पडून दाखवायचं.

मोर्शीला त्यानं ते केलं. इस्त्रीच्या शर्टात लेव्हलवरून उडी मारली, खाली आदळला, उठून गादी थोडी सरकवली, पुन्हा चढला, पुन्हा पडला. "इकडं थोडी पातळ आहे," म्हणत त्यानं तिसरी गादी मागितली. मलमलचा रुमाल माझ्याकडून हात पुढे करून घेतला.

प्रयोगात लोक कमी हसले. सर विंगेत नाक मुरडत होते. लेकरू थोडं मोठं झालं होतं, हे खरं. बहीण पट्टी ओलांडून गादीवर पडली. मी खालीच बसले होते. तिनं माझं मनगट दाबलं.

मग वरून तो वाकला. तालमीत तो प्रेक्षकांकडे तोंड करून बसायचा, त्या दिवशी पाठ करून बसला. "कुक!" त्यानं हाक दिली. उत्तर आलं नाही, तसा तो हुंदके देऊ लागला. "दुसरी आणा. मले दुसरी आणा." आवाज तोच, अंगावर काटा आणणारा. सभागृहात कोणीतरी "अरे देवा" म्हणालं.

त्याचा चेहरा फक्त आम्हा दोघींना दिसत होता. हुंदके देता देता तो बहिणीकडे बघून भुवया उंचावत होता: लागलं काय? तिनं नाही म्हणून मान हलवली. तेव्हा कुठे तो पुढचा हुंदका द्यायला वळला.