तोफनानांचं बोलावणं

तोफनाना बोलायला लागले की रहाटणीतली कुत्री भुंकायची थांबत. देहूरोडला लष्कराचा दारूगोळा आणि आमच्याकडे नाना, असं गावात म्हणत. खरं नाव कुणी घेतच नसे. ते आमचे घरमालक. एकोणीसशे पन्नासच्या दशकात वडिलांना पिंपरीच्या नव्या औषध कारखान्यात नोकरी लागली, आम्ही रत्नागिरीहून उठून आलो आणि नानांच्या घराला लागून असलेल्या दोन खोल्यांत बिऱ्हाड मांडलं. मी तेव्हा सोळा वर्षांची.

पहिल्याच दिवशी ते आधी आमच्या गाडीवानाशी भांडले, कारण त्याने ट्रंक उलटी ठेवली. मग वडिलांशी, कारण आम्ही स्टेशनवरून घागर भरून आणली होती. "आमच्या हिरीत काय इख कालवलंय व्हय?" आईच्या तोंडचं पाणीच पळालं. तासाभराने नानांची बायको, म्हणजे काकी, गरम भाकऱ्या आणि तांब्याभर दूध घेऊन दारात. म्हणाली, "त्यांनीच धाडलंय. भांडले न्हवं का, म्हंजे तुमी आता आमचेच."

आणि खरंच तसंच होतं हो! परक्या माणसाशी नाना अगदी गोड बोलायचे. शिव्या फक्त आपल्या माणसांना.

दोन वर्षांनी ताईचं लग्न ठरलं. मुलगा देहूरोडच्या डेपोत कारकून, मूळचा चिपळूणकडचा. वडिलांनी पहिली अक्षत नानांच्या हातात दिली आणि त्या क्षणापासून कार्य आमचं राहिलंच नाही. "पोर माज्या दारातनं जानार," म्हणत नानांनी खांब स्वतः रोवले, जांभळीच्या डहाळ्यांनी मांडव झाकला, एकूण एक दोरी स्वतः आवळली. आईलासुद्धा जवळ फिरकू देईनात. काय ती धांदल, काय तो आरडाओरडा! मला तर ते आठ दिवस दिवाळीसारखेच वाटले.

लग्नाचा मुहूर्त गोरज होता. वऱ्हाड सकाळीच आलेलं, म्हणून पंगती दुपारी. नाना घरी जाऊन फेटा बांधून आले आणि स्वतःच्या ओट्यावर पंगतीला न्यायचा तांब्या घेऊन बसले. वाढताना मी त्यांना तीनदा पाहिलं. पहिली पंगत उठली, दुसरी उठली, तिसरी बसली, तरी हे आपले तिथेच. मला वाटलं, सावकाश येतील.

इथेच आमचं चुकलं. आमच्याकडे अक्षत दिली की माणूस आपणहून येतो. या गावात तसं नव्हतं. अक्षत दिली तरी पान वाढल्यावर यजमानाने दारात जाऊन 'चला' म्हणायचं, त्याला बोलावणं म्हणत. बोलावण्यावाचून जेवायला जाणं म्हणजे मानहानी. शेजाऱ्यांनी हे सांगितल्यावर वडील त्यांच्यातल्याच दोघांना बाकी गावकऱ्यांकडे पाठवून मोकळे झाले होते. नानांकडे कुणीच गेलं नाही. ते घरचेच, त्यांना काय बोलवायचं?

ऊन कललं, तिसऱ्या पंगतीला ताक वाढत होते, तेवढ्यात नाना कोयता घेऊन आले. एक शब्द बोलले नाहीत, आणि त्याचीच जास्त भीती वाटली. एक दोरी तोडली, दुसरी तोडली, तिसरी. मांडवाची अख्खी बाजू खाली बसली, वराच्या मामांच्या आमटीत जांभळीचा डहाळा पडला आणि माणसं पानांवरून सैरावैरा उठली. नाना वळले आणि ओट्यावर जाऊन बसले.

वराचे वडील संतापाने लाल झाले होते. "असल्या ठिकाणी मुलगा द्यायचा नाही. गाड्या जुंपा." ताई आत लग्नाच्या साडीत बसून हे ऐकत होती.

काकी धावत आली आणि वडिलांपुढे पदर पसरून म्हणाली, "दादा, बोलावनं आलं न्हाई ओ. दुपारधरनं बसल्यात."

वडील तसेच, उघड्या डोक्याने, नानांच्या ओट्यापाशी गेले. मी मागोमाग. "नाना, चुकलो. तुम्ही घरचे, म्हणून..."

"घरच्याला तर आदी बोलवत्यात, राव," नाना म्हणाले. आवाज इतका बारीक की मला पटकन ओळखूच आला नाही.

"चला. पान वाढलंय."

नाना उठले, पण पानाकडे गेलेच नाहीत. सरळ वराच्या वडिलांसमोर गेले, फेटा उतरवला, त्यांच्या पायांवर ठेवला. "गुन्हा माजा. पोरीचा न्हाई. मला काय ती शिक्षा करा, पन गाड्या जुपू नगा." वराच्या वडिलांनी त्यांच्या बोडक्या डोक्याकडे पाहिलं. मग त्यांनीच फेटा उचलून नानांच्या हातात दिला.

या सगळ्यात गोरज जवळ आली, तुटलेल्या दोऱ्या बांधायला वेळ उरला नव्हता. कोपऱ्याचा खांब नानांनी खांद्यावर घेतला आणि दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. घाम गळत होता. भटजींनी दया येऊन दोन मंगलाष्टकं गाळली. लग्न लागलं.

पुढे एकदा मी धीर करून विचारलं, "नाना, एवढा कसला राग आला होता?"

"आदी वाटलं, इसरली असतील. मग वाटलं, मुद्दाम. मग वाटलं, समदा गाव माज्याकडंच बघतोय. अजून घटकाभर बसलो असतो तर रडलो असतो बघ. मला रडाया येत न्हाई. कोयता येतो."

माणसाला बाहेर ठेवलं की तो दार का फोडतो, हे मला त्या दिवशी कळलं.

वर्षभरात वडिलांना कारखान्याची खोली मिळाली. सामान गाडीत चढलं आणि नाना बैलांसमोर येऊन उभे राहिले. गाडी माझी, बैल माझे, रस्ता माझा, एकसारखं सुरूच. गाडी, बैल, रस्ता, यातलं काहीच त्यांचं नव्हतं. गाडीवान वैतागला, आई रडकुंडीला आली.

वडील खाली उतरले. "नाना, रविवारी आमच्याकडे जेवायला. मी स्वतः न्यायला येतो."

नानांनी बैलाच्या पाठीवरून हात फिरवला आणि बाजूला झाले.

"किती वाजता येनार?" त्यांनी विचारलं.