जिनिंगातली फळी

आमच्या जिनिंगच्या शेडवर सिमेंटचे पत्रे होते. सत्तर सालाच्या आसपासची गोष्ट. असल्या पत्र्यावर नुसता पाय ठेवला तर पत्रा माणसाला घेऊन खाली येतो, हे आम्हा कापूस निवडणाऱ्या बायांनाही ठाऊक होतं. म्हणून वर जाताना लांब फळी न्यायची, ती पत्र्यावर आडवी टाकायची आणि तिच्यावरूनच चालायचं. फळी एकच. एरवी ती खाली विटांवर असे आणि दुपारी आम्ही चौघी तिच्यावर बसून जेवायचो. नागपूरचा एप्रिल, फरशीवर बूड टेकवत नसे. काय करणार!

त्या दुपारी मिस्त्री आला. कुहीकडचा, दोन लेकरांचा बाप. आदल्या दिवशीच्या वादळानं एक पत्रा सरकला होता, तो बसवायचा होता. आमचे उघडे डबे पाहून तो थबकला.

"उठतो ना भाऊ, घेऊन जा फळी," मी म्हटलं.

"बसा वं बाई, आरामानं जेवा. जेवत्या माणसाले उठवत नसतात. मी बोल्टाच्या ओळीवरून जातो, खाली लोखंड हाये."

आणि आम्हीही बसलो. अकला गहाण टाकल्या होत्या मेल्यांनी!

माझ्या तोंडात लोणच्याची फोड होती तेव्हा वर कडाड आवाज झाला. मिस्त्री कापसाच्या ढिगापासून हातभर अंतरावर फरशीवर पडला. मांडीचं हाड मोडलं, जीव वाचला. ढिगावर पडता तर झटकून उठता. मला आजही त्या हातभराचा राग येतो.

तिसऱ्या दिवशी मॅनेजरनं चौघींना बोलावलं. कागद जवळजवळ लिहून झाला होता: फळी असून नेली नाही, चूक मिस्त्रीची. तसं ठरलं की पाय बरा झाला तरी त्याला परत घेणार नव्हते.

"फळी कुठं होती?"

"आमच्या बुडाखाली," मी म्हटलं.

"त्यानं उठा म्हटलं होतं?"

खरं सांगावं तर त्याचा भलेपणा त्याच्याच गळ्यात. खोटं सांगावं तर आम्ही रोजंदारीच्या बाया, उद्यापासून येऊ नका म्हटलं की संपलं.

"म्हटलं होतं. आमीच नाही उठलो."

मॅनेजरनं बाकीच्या तिघींकडे पाहिलं. आमच्यातली सगळ्यात भित्री, साहेबाची सायकल दिसली तरी पदर पुढं ओढणारी, ती एक पाऊल पुढं आली.

"दोनदा म्हटलं जी त्यानं."