मथूबाईंचा मुंबाशातला भाऊ

मालगुंडच्या मुलींच्या शाळेला पृथ्वीचा गोल हवा, असं लोकलबोर्डाच्या तपासनिसांनी शेऱ्यात लिहिलं, म्हणून सव्वीस सालच्या दिवाळीनंतर मथूबाई तो आणायला स्वतः रत्नागिरीला गेल्या. शाळेत त्या एकट्याच शिक्षिका. वयाच्या बाराव्या वर्षी कपाळ पांढरं झालेलं, पुढे पुण्याला शिकून मास्तरीण झालेल्या. सासरचं दार तेव्हाच मिटलं होतं. नोकरी धरली तेव्हा चिपळूणच्या सख्ख्या भावानंही पत्र टाकणं सोडलं. शाळेच्या मागच्या खोलीत त्या राहात, एका माणसाचा भात रांधत आणि संध्याकाळी दाराशी बसून समुद्राचा आवाज ऐकत.

बाजारातल्या दुकानात काशीरामशेटनं दोन गोल पुढ्यात ठेवले. एक पत्र्याचा, भोपळ्याएवढा, भडक रंगांचा. दुसरा कागदाच्या लगद्याचा, नारळापेक्षा थोडा मोठा.

"मोठा न्या की बाई. पोरींना लांबून दिसेल."

मथूबाईंनी दोन्ही फिरवून पाहिले. पत्र्याचा गोल सरळ उभा होता आणि फिरताना डुगडुगत होता. त्यावर छापलेल्या पट्ट्या जुळत नव्हत्या, त्यामुळे आफ्रिकेचा किनारा मधेच एक बोट खाली सरकला होता. लहान गोल कलता होता. पितळी कमानीवर अंशांच्या खुणा होत्या, आणि किनारे एका पट्टीवरून दुसरीवर बिनचूक जात होते.

"हा लहानच द्या. कलताय तो पडायला आलाय म्हणून नाही हो," त्या म्हणाल्या. "पृथ्वीच कलती आहे. म्हणून तर ऋतू होतात. सरळ गोलावर मी पोरींना पावसाळा कसा समजावू?"

गवतात गुंडाळलेला गोल तरीच्या होडीतून खाडी ओलांडताना त्यांनी मांडीवरून खाली ठेवला नाही.

त्याला जपणं हे मग त्यांचं रोजचं काम झालं. भिंतीला ओल येते म्हणून तो वर्गाच्या मधोमध तिवईवर. उन्हात रंग उडतो म्हणून खिडकीपासून दूर. एकदा मदतीच्या भरात एका मुलीनं कमानीला खोबरेल लावलं आणि तेलाचा डाग दक्षिण महासागरात उतरला. तेव्हापासून फक्त कोरडं जुनं लुगडं. पावसात कागदाची कड सुटली की मथूबाई खळ शिजवत, त्यात चिमूटभर मोरचूद घालत, म्हणजे कसर लागत नाही, आणि बोटानं हलकेच दाबून बसत.

मुलींनी घरी सांगितलं आणि दुपारी गावातल्या बायका येऊ लागल्या. कुणाचा मुलगा बसऱ्याला, कुणाचा दीर रंगूनला. मथूबाई पत्र वाचून दाखवत आणि गोल फिरवून ते गाव दाखवत. नेमानं यायची ती भंडारवाडीतली सगुणा. तिचा नवरा हरिश्चंद्र आगबोटीवर आगवाला होता, भट्टीत कोळसा घालणारा. शेवटचं पत्र आफ्रिकेतल्या मुंबाशाहून आलेलं, त्याला दोन वर्षं होऊन गेली होती. सगुणा दर शनिवारी यायची, मुंबाशावर बोट ठेवायची आणि बसून राहायची.

एका शनिवारी तिनं सहज विचारलं, "बाय, तुमचं कोन हाय यात?"

त्या एवढ्या गोलावर आपलं म्हणून दाखवायला एक ठिपका नाही, हे मथूबाईंना त्या क्षणी असं काही लागलं की तोंडातून निघून गेलं, "भाऊ आहे." आणि समोर होती तीच बाजू, म्हणून हातही तिथंच गेला. "इथं, मुंबाशालाच. रेल्वेच्या कचेरीत."

सगुणा ताडकन उठली. "आनि तुमी आज सांगताव? त्येंका लिवा बाय! डाव्या भिवईवर भाजल्याचा डाग हाय म्हनून लिवा. तेवढ्यावरनं गावंल तो."

"लिहिते," मथूबाई म्हणाल्या.

काय लिहिणार आणि कुणाला? चार महिने सगुणा विचारत राहिली आणि मथूबाई "टपालाला वेळ लागतो" म्हणत राहिल्या. सगुणाच्या चेहऱ्यावर तजेला आला होता, तो मथूबाईंना बघवेना. शेवटी एका सकाळी त्या भंडारवाडीत गेल्या. सगुणा अंगणात माडाच्या झावळीचा झाप विणत होती.

"सगुणे, मी खोटं बोलले. मुंबाशाला माझं कुणी नाही."

सगुणाचे हात थांबले नाहीत. तिनं विचारलं, "भाऊच नाय?"

"आहे. चिपळूणला. बोलत नाही माझ्याशी."

"इतक्या जवळ?" सगुणानं मान वर केली. मग पुन्हा खाली घालून म्हणाली, "चार म्हयने मी तुमच्या भावासाठी देवाफुडं नारळ ठेवीत होते. जावा बाय तुमी आता."

त्यानंतर ती आली नाही. तिचं बघून इतर बायकाही कमी झाल्या. मथूबाईंनी मात्र आता खरंच लिहिलं. पोस्टमास्तरांकडून इंग्रजी तपासून घेऊन एक पत्र मुंबईच्या बोटकंपनीला, एक मुंबाशाच्या बंदरकचेरीला. उत्तर आलं नाही की पुन्हा लिहीत. तिसऱ्या पत्राला, एकतीसच्या शिमग्यात, बंदरकचेरीचं उत्तर आलं. भिवईवर डाग असलेला आगवाला तापानं तिथल्या इस्पितळात वारला होता. तारीख तीन वर्षांपूर्वीची होती.

मथूबाईंनी ते सगुणाच्या अंगणात उभ्यानंच वाचून दाखवलं. सगुणानं कागद मागून घेतला आणि वाचता येत नसतानाही सगळीकडून पाहिला.

"ह्ये तरी खरं ना बाय?"

"खरं आहे."

मग ती रडली. मथूबाई शेजारी बसल्या. सगुणानं त्यांना जा म्हटलं नाही.

त्या मे महिन्यात दीर येऊन सगुणाला मुंबईला घेऊन गेला. जाताना ती शाळेवरून गेली, पण आत आली नाही. रस्त्यावरूनच म्हणाली, "चिपळूनला लिवा, बाय."

मथूबाईंनी लिहायला दोन वर्षं घेतली. भाऊबीजेच्या आधी एक कार्ड टाकलं: मी बरी आहे, तू कसा आहेस. पंधरा दिवसांनी उत्तर आलं. अक्षर भावाचं नव्हतं, कुणा लहान मुलाचं, वळणदार आणि जपून काढलेलं. "बाबा सांगतात की पत्र पोचले." खाली काही नव्हतं.

त्यांनी ते दोनदा वाचलं. मग चौथीच्या मुली वर्गात येऊन बसल्या, तेव्हा कार्ड उशीखाली ठेवून त्या शिकवायला गेल्या.